पोरगी यावलची, गृह विद्यापीठ नांदेडचं

पत्र (थोडं कमी करून):

सर, नमस्कार. मी यावल तालुक्यातला शेतकरी, साडेचार एकर केळी आहे. मोठी मुलगी दहावीला गावच्या शाळेत पहिली आली. सगळे म्हणाले हुशार आहे, लातूरला पाठवा, म्हणून अकरावी-बारावी लातूरला केली. होस्टेल, मेस, क्लास, जाणं-येणं, दोन वर्षांत कंबर मोडली. बारावीला 82 टक्के पडले, सीईटीला 88 पर्सेंटाइल. इंजिनिअरिंगच्या दोन फेऱ्या झाल्या, पण जळगावजवळच्या ज्या कॉलेजात कॉम्प्युटर हवं होतं तिथं नंबर लागला नाही. गावातलीच तिची मैत्रीण, बारावी फैजपूरला केलेली, सीईटीला 81. दोघीही ओबीसी. तिला मात्र तिथंच, त्याच शाखेला जागा मिळाली. आणि लातूर-नांदेडकडची दोन-तीन पोरं तिथं लागल्याचं कळलं. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात आपल्याच लेकीला जागा नाही आणि मराठवाड्याच्या पोरांना आहे, हा भूमिपुत्रांवर अन्याय नाही का? गावातली मंडळी म्हणतात कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेऊ. मेहुणे म्हणतात तहसीलमधून रहिवासी दाखला काढून हरकत घ्या. ओळखीचे एक वकील म्हणतात कोर्टात जाऊ. एक जण मॅनेजमेंट कोट्यातून 'करून देतो' म्हणतोय. माझं विचाराल तर प्रत्येक तालुक्यातल्या पहिल्या दहा पोरांना परीक्षा न घेता आपल्या विद्यापीठात थेट घ्यावं. धाकटा यंदा दहावीत आहे, त्यालाही लातूरला टाकायचं ठरवलंय. काय करू?
एक बाप, यावल तालुका

उत्तर:

भाऊ, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. अकरावी-बारावी लातूरला केली, हे ते वाक्य.

राज्याची प्रवेश परीक्षा आणि प्रवेश सांभाळणाऱ्या सीईटी सेलकडे मुलीचा जो अर्ज भरला, त्याची प्रिंट घरात असेलच. ती काढा. त्यात 'कॅन्डिडेचर टाइप' आणि 'होम युनिव्हर्सिटी' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात 'टाइप ए' असणार. दुसऱ्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असेल असं तुम्ही धरून चाललात. तिथं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड असं छापलेलं सापडेल. फॉर्म भरणाऱ्या नेट कॅफेवाल्याची ती चूक नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेल्या 'टाइप ए' मुलांचं गृह विद्यापीठ बारावी कुठून पास झाली त्या जागेवरून ठरतं. सातबारा यावलचा आहे, आधार यावलचं आहे, आजोबा-पणजोबा इथंच गेले, यातलं काही तिथं विचारात घेत नाहीत. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे नांदेड विद्यापीठाचे जिल्हे. जळगाव, धुळे, नंदुरबार आपल्या विद्यापीठाचे. तुमची मुलगी कागदावर मराठवाड्याची आहे. म्हणजे ज्या लातूरच्या पोरांवर तुम्ही चिडलात, त्यांच्याच रांगेत ती उभी होती.

आता मैत्रिणीचं कोडं. ज्या कॉलेजांना ही विभागणी लागू आहे, तिथं राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी 70 टक्के गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि 30 टक्के बाकी राज्यातल्यांना असतात. कटऑफची पीडीएफ उघडली की एलओबीसीएच, एलओबीसीओ असली अक्षरं दिसतात. पहिला एल म्हणजे मुलींची जागा, मधलं ओबीसी तुम्हाला माहीत आहे, शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ आणि ओ म्हणजे बाहेरचं. 60 जागांची शाखा धरा, मॅनेजमेंटच्या जागा हिशेबापुरत्या बाजूला ठेवा. 42 जागा एचच्या, 18 ओच्या. ओबीसीला 19 टक्के, म्हणजे एचमध्ये आठ, ओमध्ये तीन. त्यात मुलींच्या 30 टक्के: एचमध्ये दोन, ओमध्ये जेमतेम एक. मैत्रीण त्या दोनांसाठी तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलींशी झगडली. तुमची मुलगी त्या एका जागेसाठी पुण्या-मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलींशी झगडली. खुल्या आणि सर्वसाधारण ओबीसी जागांवरही दोघींचा विचार होतोच, पण तिथंही रकाना आपापलाच. 81 वालीला मिळाली आणि 88 वालीला नाही, यात कुणी हात मारलेला नाही.

उलटही घडतं बरं का. ज्या कॉलेजकडे बाहेरचं कुणी फिरकत नाही, तिथं ओचा कटऑफ एचपेक्षा खाली उतरतो आणि बाहेरचा असणंच फायद्याचं ठरतं. म्हणून मैत्रिणीच्या पर्सेंटाइलकडे बघू नका, स्वतःच्या रकान्याकडे बघा.

हातात वेळ कमी आहे, तेव्हा आधी मुलीचं उरकू. 2025-26 पासून कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती पक्की धरतात, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहात जे कॉलेज टाकाल ते लागलं तर चौथ्या फेरीचं दार तुमच्यासाठी बंद. म्हणून 'असू दे, भरून ठेवू' म्हणून कुठलंही नाव वर टाकू नका. फॉर्म भरताना मुलीला स्वतः बसवा, तुम्ही बाजूला बसा, आणि कॅफेवाल्याने त्याच्या मनाने क्रम लावला तर त्याला थांबवा. मी सुविधा केंद्रावर कागद तपासायला बसायचो तेव्हा पालकांना विचारायचो, पहिल्या पाच पसंती सांगा. निम्म्यांना दोनच्या पुढं सांगता यायच्या नाहीत. फॉर्ममध्ये मात्र पन्नास भरलेल्या असायच्या.

यादी कशी लावायची ते सांगतो. जळगाव-धुळ्याची जी कॉलेजं हवीत, त्यांचे गेल्या वर्षीचे शेवटच्या फेऱ्यांचे आकडे ओच्या रकान्यात बघा. गृह विद्यापीठाच्या ज्या जागांना इथली मुलं पुरत नाहीत त्या पुढे बाहेरच्यांना सुटतात, पीडीएफमध्ये त्याचा वेगळा मथळाच असतो. तिथं कधीकधी अनपेक्षित दार उघडतं. त्याखाली लातूर, नांदेड, परभणीकडची कॉलेजं टाका. तिथं ती एचमध्ये आहे. दोन वर्षं राहिलेली मुलगी आहे, गाव तिच्या पायाखालचं आहे. तुम्हाला ते लांब वाटेल, पण त्या होस्टेलच्या खर्चातून निदान एवढा हक्क पदरात पडलाय, तो वापरायचा की नाही ते तिलाच ठरवू द्या. आणि पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांसारख्या ठिकाणी गृह विद्यापीठाचा भेदच नाही, सगळ्या जागा राज्यस्तरावर. 88 ला तिथं लागणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, पण धाकट्याच्या वेळी हे डोक्यात असू द्या.

मॅनेजमेंट कोट्याबद्दल मला काहीच आडपडदा ठेवायचा नाही. घेऊ नका. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. 'करून देतो' म्हणणारा माणूस हे सांगणार नाही. तो तुमच्याकडून पैसे घेईल ते वेगळेच, पण चार वर्षांची माफीही तुम्ही स्वतःच्या हाताने सोडाल. साडेचार एकर केळीत, भाव कधी वर कधी मातीमोल, हे परवडणारं नाही. कॉम्प्युटर नाही मिळालं आणि ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) किंवा इलेक्ट्रिकल मिळालं तरी कॅपमधलीच जागा घ्या. नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला हे तिन्ही कागद हाताशी आहेत ना तेवढं बघा, ते नसले तर ओबीसीचा हक्कही हवेत जातो.

वर्ष गाळायचा विचार तुम्ही लिहिला नाहीत, पण घरात निघाला असेल. सीईटी पुन्हा दिली तरी बारावी लातूरचीच राहणार. पर्सेंटाइल वाढेल, रकाना बदलणार नाही.

मेहुण्यांचा रहिवासी दाखला: तहसीलच्या चकरा वाचवा. अधिवासाचा दाखला तुम्ही महाराष्ट्राचे आहात हे सांगतो. 'टाइप ए'च्या गृह विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. हरकतीची खिडकी असते ती चुकीची माहिती छापली गेली तर, आणि तुमच्या मुलीची माहिती बरोबर छापली आहे.

वकील मित्राचं थोडं सविस्तर घेतो, कारण 'आमच्या जिल्ह्याची जागा आमच्याच पोराला' ही मागणी खान्देशात दर जुलैत ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने ती केव्हाच निकालात काढली आहे. मद्रास राज्यात मेडिकलच्या जागा जिल्हानिहाय वाटल्या होत्या. 1968 मध्ये पी. राजेंद्रन खटल्यात न्यायालयाने ती वाटणी रद्द केली. कुठल्या जिल्ह्यात राहतो यावरून कमी लायक मुलाला जागा आणि जास्त लायकाला नकार, हे समानतेत बसत नाही असं त्याचं सार. पण 1971 मध्ये म्हैसूर राज्याच्या चंचला खटल्यात विद्यापीठनिहाय वाटणी मात्र मान्य झाली. एका विद्यापीठाच्या हद्दीत शिकलेल्या मुलांना त्याच हद्दीतल्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेता यावं, हा हेतू न्यायालयाला योग्य वाटला. 1984 मध्ये प्रदीप जैन खटल्यात एमबीबीएससाठी रहिवासाच्या आधारावर जागा राखायला 70 टक्क्यांची मर्यादा घातली गेली. म्हणजे विद्यापीठाची हद्द चालते, ती सगळ्या जागा व्यापत नाही, आणि जिल्हा चालत नाही. तुमच्या बाजूने यातला एकही निकाल जात नाही. वकिलाची फी जाईल तेवढी जाईल, फेऱ्या संपून कॉलेज सुरू झालेलं असेल.

आता मोर्चाकडे वळतो, आणि इथं तुम्हाला थोडं बोचेल.

घोषणा काय देणार? 'बाहेरच्यांना हटवा'? तुमचीच पोरगी बाहेरची आहे. गर्दीत पुढं असेल तो नेता ते विसरेल, ती विसरणार नाही.

मला स्वतःला या 70:30 मध्ये फारसा अन्याय दिसत नाही. आपल्या विद्यापीठाला जुना इतिहास नाही. 15 ऑगस्ट 1990 ला ते पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं, 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्याआधी जळगावचा मुलगा पुणे विद्यापीठाचाच होता. आज पुण्यातल्या कॉलेजांच्या यादीत आपली मुलं ओच्या रकान्यात आहेत आणि तिथल्या 30 टक्क्यांतून दरवर्षी वाट काढतात. तुमच्या गावातली किती पोरं पुण्यात शिकतात ते मोजा. 30 टक्क्यांचं दार सगळीकडे बंद झालं तर जास्त नुकसान कुणाचं? पुण्याचं नक्कीच नाही.

मेडिकलमध्ये तर 'स्थानिक' या नावाखाली आपल्याला कधी काही मिळालंच नव्हतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तिथं 70:30 ची विभागणी होती. खान्देश तिसऱ्यात, मुंबई-पुणे-नाशिक-कोल्हापूरसोबत. नंदुरबारच्या मुलाची स्थानिक स्पर्धा पुण्याच्या मुलाशी! सप्टेंबर 2020 मध्ये ती विभागणी सरकारने काढली, मराठवाड्यात जल्लोष झाला. आपल्याकडे कुणाला फरक पडला नाही, कारण पडण्यासारखं काही हातात नव्हतं. फरक पडला तो नवी कॉलेजं आल्याने. धुळ्याचं शासकीय मेडिकल जुनं, जळगावचं 2018 मध्ये सुरू झालं, नंदुरबारचं 2020 मध्ये.

अन्याय मला दिसतो तो दुसरीकडे, एच रकान्याच्या आतच. जळगाव शहरातला क्लासला जाणारा मुलगा आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या धडगावच्या आश्रमशाळेतला मुलगा या दोघांचं गृह विद्यापीठ एकच. दोघेही खान्देशचे भूमिपुत्र. एकाला अकरावीपासून भौतिकशास्त्राचे दोन-दोन मास्तर, दुसऱ्याकडे एकाच मास्तरने तीन विषय सांभाळायचे. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात 69 टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत, पण राज्याचं 7 टक्क्यांचं आरक्षण आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतही 7 टक्केच राहतं. उद्या 70 चे 90 टक्के केले तरी त्या वाढीव जागा सातपुड्यात जाणार नाहीत. त्या जळगाव-धुळे-शिरपूरच्या क्लासांमध्ये जातील. तुमच्या मुलीला निदान लातूर परवडलं, कंबर मोडून का होईना.

तुमची पहिल्या दहांची सूचना मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याने 1997 मध्ये जवळपास हेच केलं. प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश, प्रवेश परीक्षेचे गुण काहीही असोत. ज्या शाळांमधून पूर्वी कुणी ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठापर्यंत पोचत नव्हतं, तिथली मुलं तिथं दिसू लागली. मग दुसरी अडचण आली: या एकाच दारातून इतकी मुलं आली की बाकीच्यांना जागाच उरेना, तेव्हा 2009 च्या कायद्याने ऑस्टिनपुरती 75 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. काही पालकांनी तर मुलांना मुद्दाम कमी चुरशीच्या शाळेत हलवलं, म्हणजे दहा टक्क्यांत येणं सोपं. पालक सगळीकडचे सारखेच.

आपल्याकडे तालुकानिहाय दहा मुलं हे 1968 च्या निकालाला आडवं जाईल असं मला वाटतं. शाळेच्या प्रकारावरून जागा राखणं मात्र न्यायालयात टिकलंय. तमिळनाडूने 2020 मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या 7.5 टक्के जागा राखल्या, 2021 मध्ये ते इंजिनिअरिंगलाही लागू केलं, मद्रास उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. त्यात सहावी ते बारावी सरकारी शाळेतच शिकल्याची अट आहे, म्हणून शेवटची दोन वर्षं नाव घालून फायदा उपटता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि गावच्या, आश्रमशाळेच्या ज्युनिअर कॉलेजात शिकलेल्यांसाठी असं काही महाराष्ट्रात मागायचं असेल तर मी तुमच्याबरोबर उन्हात उभा राहीन. त्याचा फायदा तुमच्या मुलीला झाला नसता, हेही सांगून ठेवतो.

मोर्चा काढायचाच असेल तर आणखी एक कागद हातात घ्या. राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही भागांत तंत्रशिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते असं आहे. त्यासाठी 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली. खान्देश पुन्हा 'उर्वरित'मध्येच, पुण्या-मुंबईच्या सावलीत. 30 एप्रिल 2020 ला त्या मंडळांची मुदतही संपली. कलेक्टरला निवेदन द्यायचं तर हे विचारा: यावल, रावेर, चोपडा, शहादा, अक्कलकुवा इथल्या ज्युनिअर कॉलेजांत गणित आणि भौतिकशास्त्राची किती पदं मंजूर, किती भरलेली? तालुकावार आकडे मागा, माहितीच्या अधिकारात मागा. 'भूमिपुत्र' असं लिहिलेला फलक वर्तमानपत्रात एक दिवस दिसतो. रिकाम्या पदांची यादी अधिकाऱ्याला टेबलावरून सहज सरकवता येत नाही.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे, आणि तो तुमच्यावर नाही. लातूरच्या क्लासचे लोक दरवर्षी खान्देशात येतात, हॉल घेतात, टॉपर्सचे फोटो लावलेली पत्रकं वाटतात. बारावी तिकडे केली की गृह विद्यापीठ बदलतं हे त्यातल्या एकाही पत्रकावर नसतं. आणि दहावीनंतर गावच्या शाळेत होणाऱ्या मार्गदर्शन शिबिरातही कुणी सांगत नाही. आर्ट्स-कॉमर्स-सायन्सचा तक्ता दाखवतात, चहा पाजतात, संपलं. हा नियम लपवलेला नाही, सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत दरवर्षी छापलेला असतो. पण पालक ती पुस्तिका बारावीनंतर उघडतो, तोवर बैल गेलेला असतो.

म्हणून धाकट्याचं आत्ताच नीट बघू. 'लातूरला टाकायचं ठरवलंय' असं तुम्ही लिहिलंय. त्याने काय ठरवलंय ते पत्रात नाही. त्याला मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायचीय, आयआयटी-एनआयटीची जेईई की राज्याची सीईटी, हे आधी विचारा. नीटसाठी जाणार असेल तर गृह विद्यापीठाचा मुद्दाच उरत नाही: मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली आहेत आणि विभागीय वाटणी गेलेली आहे. तिथं फक्त खर्च आणि पोराचा जीव रमेल का, एवढंच बघायचं. जेईईतून आयआयटी-एनआयटी गाठायची ताकद असेल तर आयआयटीत गृह विद्यापीठ नसतं, एनआयटीत मात्र बारावी ज्या राज्यातून झाली त्या राज्याच्या मुलांना निम्म्या जागा असतात. लातूर असो की जळगाव, राज्य महाराष्ट्रच. पण इंजिनिअरिंग इथंच, जळगाव-धुळे-शिरपूरकडेच करायचं असेल आणि सीईटीवरच भिस्त असेल, तर बारावी तिन्ही जिल्ह्यांत कुठंतरी करणं त्याच्या हिताचं. सीईटी 200 गुणांची: गणित 100, भौतिक 50, रसायन 50. अकरावीचा अभ्यासक्रम साधारण 20 टक्के, बारावीचा 80. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. यासाठी पोराला 400 किलोमीटरवर ठेवायलाच हवं असं मला वाटत नाही. बरा शिक्षक आणि रोजचा सराव मिळाला तर फैजपूर, भुसावळ, जळगावातूनही होतं. मैत्रिणीचंच बघा ना.

मधला एक मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. नाव इथल्या ज्युनिअर कॉलेजात, पोरगा बसलेला लातूर किंवा कोटाच्या क्लासात, आणि हजेरी मॅनेज. रकानाही एच, कोचिंगही बाहेरचं. पुष्कळ जण करतात. पण मग भूमिपुत्राच्या नावाने ओरडायचा हक्क तुम्हाला राहत नाही, कारण धडगावच्या पोराच्या वाटची जागा तुम्ही अशीच घेतलेली असते. शिवाय प्रॅक्टिकलचे गुण, हजेरीची तपासणी, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. क्लासवाला पैसे घेऊन मोकळा, बोर्डाला उत्तर देणार तुमचा पोरगा.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, पसंतीक्रम तिथंही भरावा लागतो. तो भरायच्या आधी यावल-फैजपूर-भुसावळकडच्या तीन-चार ज्युनिअर कॉलेजांत पोराला घेऊन स्वतः जाऊन या, सुट्टीच्या दिवशी नको, तास चालू असतील तेव्हा. गणिताला कायमचा मास्तर आहे की तासिका तत्त्वावरचा, आणि तो गेल्या वर्षीही तोच होता का, एवढं विचारा.